माशांची साक्ष

"माशांना विचारलंस का?" भानुबुवांनी विचारलं.

यज्ञेश्वर वहीचं पान उलटता उलटता थांबला.

"कुणाला?"

"माशांना."

"गुरुदेव, मी एकशे बारा माणसांना विचारलंय."

"ते ऐकलं. माशांना?"

यज्ञेश्वराने बुवांचा चेहरा निरखून पाहिला. थट्टा म्हणावी, तर बुवा शांतपणे शेंगा सोलत बसले होते. शनिवारची दुपार कलली होती आणि मठाच्या ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं.

काशीला नऊ वर्षं न्यायशास्त्र घोकून आलेला हा माणूस. ज्ञान कुठून मिळतं, कशावर भरवसा ठेवावा, हे जगाने त्याला विचारायचं आणि त्याने सांगायचं. आणि आज त्याला कुणाकडे पाठवत होते, तर माशांकडे!

प्रकरण साधं होतं. निदान सहा दिवसांपूर्वी साधं वाटलं होतं.

सांगवणच्या या मठात रोज दुपारी अन्नदान चाले. येईल त्याला पंगतीत पान. स्वयंपाक म्हाळसाक्कांचा. सत्तावीस वर्षं ती चूल त्यांनी सांभाळली होती. आणि गेल्या रविवारी त्यांनी आमटीची पळी धुऊन पुसून बुवांच्या पुढ्यात आणून ठेवली.

"पुढच्या सोमवारच्या बाजारगाडीनं मी भाच्याकडं जाते, बुवा. माझ्या हाताची चव गेली."

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे कुणी? इतकी वर्षं चुलीपुढं बसले... कळतं मला."

त्या रडल्या नाहीत. पळी मात्र हातातून सुटता सुटेना.

बुवा यज्ञेश्वराकडे वळले. "जेवणाऱ्याला जेवण कसं वाटतं, ते शोधून काढ. सोमवारच्या आत."

यज्ञेश्वराला हे काम आपल्या विद्येच्या मानाने जरा किरकोळच वाटलं. पण काशीला जाण्याआधी तोही याच बाईच्या हातचं खाऊन वाढला होता. आता तो व्रत म्हणून स्वतः शिजवून खात असे, ती गोष्ट वेगळी. अक्का गेल्या तर मठात काय उरेल, हे त्याला चांगलं कळत होतं. त्याने कंबर कसली.

आधी त्याने माणसांना विचारलं. पंगत उठली की तो हात धुवायच्या दगडापाशी वही घेऊन उभा राही.

"जेवण कसं होतं?"

"अमृत!"

"खरं सांगा."

"अहो, मठाचा प्रसाद. त्याला नावं ठेवणारा मी कोण?"

एकशे बारा माणसं, आणि एकशे बारा वेळा अमृत. वहीची पानं भरली.

मग त्याने उष्ट्या पत्रावळी तपासल्या. काशीचा पंडित उकिरड्यापाशी वाकून पत्रावळी मोजतोय हे बघून गुराखी हसले, पण तो डगमगला नाही. सहा दिवसांत एकाही पानावर मुंगीने न्यावं असं शीत सापडलं नाही.

शेवटी डोळ्यांनी पाहावं म्हणून तो पंगतीच्या टोकाला चौरंग टाकून बसला. इथे तर त्याची छाती भरूनच आली, कारण ही पंगत त्याने घडवलेली होती. तो काशीहून आला तेव्हा इथे नुसता बाजार असे. 'इकडे आमटी!', 'पुरे, पुरे!', 'अहो, त्या पाहुण्यांना वाढा!' चार महिन्यांपूर्वी त्याने समोरच्या भिंतीवर गेरूने ठसठशीत अक्षरांत लिहिलं: भोजनसमयी मौन. पानात पडेल तो प्रसाद. बुवा 'बरं' एवढंच म्हणाले होते. तेव्हापासून पंगतीत माशी घोंघावली तरी ऐकू येई.

लोक माना खाली घालून जेवत होते. एकाला ठसका लागला. त्याने दचकून यज्ञेश्वराकडे पाहिलं आणि दुप्पट वेगाने जेवायला लागला. स्वयंपाकघराच्या दारात, अर्धवट पडद्याआड, म्हाळसाक्का भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दिसल्या. दमल्या असतील, असं त्याला वाटलं.

तिन्ही पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत होते. जेवण उत्तम! त्याने जाऊन अक्कांना सांगितलं, तर त्यांनी त्याच्या वहीकडे नुसतं पाहिलं.

"इतकं चांगलं असतं, तर..."

"तर काय?"

"राहू द्या, शास्त्रीबुवा. तुम्हांला नाही कळायचं."

आणि आता हे मासे.

रविवारी पंगत उठण्याच्या सुमाराला तो नदीच्या घाटावर जाऊन उभा राहिला. तिथल्या डोहातले मासे देवाचे मानतात, त्यांना कुणी धरत नाही. त्याची सावली पाण्यावर पडली मात्र, पायरीपाशी एकच झुंबड उडाली. ढेरपोटे, निलाजरे मासे. तोंडं उघडून वर बघत होते.

'यांना कशाची सवय लागलीय?'

उत्तर पायऱ्या उतरून येत होतं. एक म्हातारी आली. तिने पदराची गाठ सोडली आणि भाकरीचे तुकडे पाण्यात टाकायला लागली. तिच्यामागून एक गृहस्थ आले, त्यांनी उपरण्यातून टाकले. मग आणखी दोघं. अकरा माणसं मोजली त्याने.

म्हणजे अक्कांचं खरं होतं...

तो म्हातारीपाशी गेला. "आजी, भाकरी वाईट होती का?"

"वंगाळ कशी म्हणू, बाबा? लोण्यावानी मऊ होती."

"मग टाकता कशाला?"

"पानात दोन भाकरी पडल्या. माझं पोट अर्धीचं. पानात ठेवली तर पाप लागंल. मासं काय, देवाचंच."

त्याने लिहून घेतलं: अन्न उत्तम, तरी टाकलं जातं.

वर वडाच्या पारावर एक धनगर बसला होता. नुकताच पंगतीतून उठलेला, आणि आता आपल्या गाठोड्यातले फुटाणे तोंडात टाकत होता.

"जेवला नाहीत?"

"जेवलो की. झकास होतं."

"मग हे?"

"दोन भाकरी पडल्या, महाराज. मला चार लागत्यात."

तेही लिहिलं: अन्न उत्तम, तरी भूक उरते.

मग तो त्या दोन ओळींकडे बघत बसला. एक म्हणत होती, जास्त होतं. दुसरी म्हणत होती, कमी पडतं. दोघंही एकाच चुलीवरचं, एकाच पंगतीत जेवलेले. अक्कांनी आता भाकऱ्या जास्त थापायच्या की कमी? आणि यात चवीचा संबंध कुठे आला? जितकं जास्त विचारावं तितकं कमी कळत होतं. काशीत असं कधी झालं नव्हतं. तिथे वादात समोरचा पंडित हरला की प्रश्न मिटत असे.

डोकं धरून तो परत पायऱ्या उतरला, आणि जागीच थबकला.

शेवटच्या पायरीवर भानुबुवा बसले होते. पाय पाण्यात होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, उपरण्याची गाठ सोडली आणि अर्धी भाकरी हळूच माशांना घातली.

"गुरुदेव! आपणसुद्धा?"

"हं."

"आपल्याला आवडली नाही?"

"फार चांगली होती."

"मग...?"

बुवांनी हात झटकले. "चार महिन्यांत चांगले पोसलेत, नाही? गरीब बिचारे पूर्वी शेवाळावर जगायचे."

यज्ञेश्वराला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. "माणसं म्हणतात अमृत. पत्रावळी म्हणतात उत्तम. मासे म्हणतात भलतंच. धनगर उपाशी, आपण भाकरी टाकता, आणि उद्या अक्का निघाल्या. गुरुदेव, मला काहीएक कळत नाही."

"हे वहीत लिहिलंस?"

"नाही."

"लिही."

त्याने खरोखरच लिहिलं. बुवांनी हात पुढे करून वही मागून घेतली आणि मांडीखाली ठेवली.

"उद्या पंगतीला बस."

"पण माझं व्रत..."

बुवांनी पाण्याकडे पाहिलं. मासे अजून तोंडं उघडून वर बघत होते.

सोमवारी मठाच्या दारात बाजारगाडी येऊन थांबली होती. पंगत उठली की बैल जुंपायचे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अक्कांचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. एवढंसं गाठोडं. सत्तावीस वर्षांचं एवढंच सामान बघून यज्ञेश्वराला कसंसंच झालं.

तो पंगतीत बसला. चौरंगाऐवजी जमिनीवर, पाट न घेता. शेजारी तोच धनगर होता. पलीकडच्या ओळीत, अगदी शेवटी, भानुबुवा.

वाढपी आला. खाली मान घालून त्याने यज्ञेश्वराच्या पानात दोन भाकऱ्या टाकल्या, द्रोणात एक पळी आमटी ओतली आणि पुढे गेला. धनगरालाही दोनच.

यज्ञेश्वराने पहिला घास घेतला.

नऊ वर्षं आणि चार महिने! तीच आमटी. तोच चिंचगुळाचा आणि लसणाचा वास, जीभ जरा चुरचुरेल इतकंच तिखट. या बाईच्या हाताची चव गेली म्हणे! हा घास कुणी खाल्ला आणि असं म्हणालं?

कुणीच तसं म्हणालं नव्हतं.

भाकरी पाव संपली, तोवर द्रोण रिकामा झाला. हावरटासारखी एका दमात पिऊन टाकली होती त्याने. आता कोरडी भाकरी तोंडात फिरत होती. आमटीचं पातेलं घेऊन वाढपी परत समोरून चालला होता. पातेलं अर्धं भरलेलं होतं. यज्ञेश्वराने त्याच्याकडे आशेने पाहिलं. वाढपी त्याच्याकडे न बघता नियमाप्रमाणे सरळ पुढे गेला.

यज्ञेश्वराने तोंड उघडलं.

समोर भिंतीवर त्याचीच अक्षरं होती. सुंदर, वळणदार.

त्याने तोंड मिटलं.

शेजारी धनगराच्या दोन्ही भाकऱ्या संपल्या होत्या. तो रिकाम्या पानाकडे बघत स्वस्थ बसला होता. पलीकडे एका बाईने चोरून पदराची गाठ मारली. कुणी काही मागत नव्हतं आणि कुणी पुरे म्हणत नव्हतं. सबंध पंगतीत फक्त चावण्याचा आवाज होता.

आणि पडद्याआड म्हाळसाक्का उभ्या होत्या. भिंतीला टेकून, मान किंचित कलती, कान पंगतीकडे.

त्या दमलेल्या नव्हत्या. ऐकत होत्या.

चार महिने ती बाई तिथे रोज उभी राहत होती, आणि तिला 'इकडे आमटी!' अशी एकही हाक ऐकू येत नव्हती.

यज्ञेश्वराच्या अंगातून शरमेची कळ गेली. उघड्या तोंडांना आधी त्याने कुलूप घातलं होतं, आणि मग वही घेऊन विचारत होता, सांगा, कसं वाटतं? त्याने पलीकडच्या ओळीत बुवांकडे पाहिलं. बुवांचाही द्रोण रिकामा होता. ते त्याच्याकडेच बघत होते. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक...

बाहेर गाडीवान बैलांच्या गळ्यात जू अडकवत होता. घुंगरं वाजली.

यज्ञेश्वराने रिकामा द्रोण उचलला. नऊ वर्षं ज्याने भल्याभल्यांना वादात गप्प केलं, त्याच्या तोंडून आवाज निघाला तो जेमतेम.

"आमटी..."

सगळी पंगत थांबली. कुणाचा घास हातातच राहिला. वाढपी वळला, त्याने भिंतीकडे पाहिलं, यज्ञेश्वराकडे पाहिलं आणि पातेलं धरून तसाच उभा राहिला.

पडद्याची कडा जराशी हलली.

"मोठ्याने, यज्ञा," भानुबुवा म्हणाले. "अक्का आत आहेत."