केरबानं बेडकी सांभाळली

धरणाच्या फुगवट्याकाठी कातळसोंड नावाचं गाव होतं, आणि त्या गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? सांगितलेलं सोडून दुसरं काही त्यानं जन्मात केलं नव्हतं. इतका.

गावाचा जुना रस्ता धरणात बुडालेला. पलीकडच्या चार वाड्यांना औषधपाणी पोचेना. म्हणून एका संस्थेनं आठ चाकांची गाडी दिली. ती चिखलातून चाले, दगडांवरून चाले आणि पाण्यात शिरली की पोहे. गाव तिला बेडकी म्हणे. बेडकी चालवायच्या प्रमिला सिस्टर. दुरुस्ती इस्माईल मिस्त्रीकडे. मिस्त्रीचे गुडघे गेलेले, म्हणून त्यानं केरबाला हाताखाली घेतलं. सांगितलेलं ऐकणारा माणूस हवा होता.

पहिल्या दिवशी मिस्त्रीनं बेडकीच्या तळाचं बूच दाखवलं. आत पाणी साचलं की हे काढायचं, पाणी खाली निघून जातं, असं सांगितलं. केरबानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तो सिस्टरबरोबर पलीकडे निघाला. ऐन मध्यावर लाटेचं पाणी आत उडालं. घोटाभर साचलं. केरबानं बूच काढलं. आतलं पाणी खाली गेलं नाही, खालचं वर आलं. सिस्टरनी भोकावर टाच दाबून धरली आणि तशीच बेडकी काठाला लावली.

मिस्त्री चिडला. म्हणाला, जिथून पाणी येताना दिसेल ते भोक बुजवायचं असतं.

केरबानं मान डोलावली. संध्याकाळी त्याला धुराच्या नळीतून पाणी ठिबकताना दिसलं. त्यानं नळीत काथ्या कोंबला, वर डांबर ओतलं. सकाळी बेडकी दोनदा उचकी देऊन गप्प झाली. मिस्त्रीनं अर्धं इंजिन खोललं, तेव्हा कुठे डांबराचा वास आला.

"अरे, इंजिनालाही श्वास लागतो," मिस्त्री म्हणाला. "त्याचं तोंड कधी झाकू नये."

केरबाला हे पटलं. त्यानं बेडकीची तोंडं शोधली. डिझेलच्या टाकीचं एक, तेलाचं एक, रेडिएटरचं एक. तिन्ही झाकणं काढून त्यानं धुऊन पुसून फळीवर ठेवली. उतारावर बेडकी उसळली आणि सिस्टरचा पांढरा गणवेश काळा झाला. त्या दिवशी वाडीतली पोरं त्यांना बघून सुईशिवायच रडली.

मिस्त्रीनं झाकणं बसवली. शांतपणे समजावलं, की तेलकट माल अंगावर उडवायचा नसतो. लोखंडावर लोखंड घासलं की झिजतं. जिथं घासतं तिथं ग्रीस लावायचं.

केरबानं सबंध गाडी निरखली. सगळ्यात जास्त घासत होते ते ब्रेक. त्यानं ब्रेकना बोटभर जाड ग्रीस लावलं. दुसऱ्या दिवशी उतारावर ब्रेक लागला नाही. पुढे पाणीच होतं, म्हणून थांबायची गरज पडली नाही.

मिस्त्री आता चिडलासुद्धा नाही. नवे ब्रेक येईपर्यंत गाडी उतारावर उभी केली की जवळच्या जड वस्तूला दोरानं बांधायची, एवढंच म्हणाला. "गाठ अशी मार, की हत्तीनं ओढली तरी सुटू नये."

त्याच आठवड्यात संस्थेचे साहेब जीपमधून आले. बेडकी नीट सांभाळली जात नाही, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. ती इथं ठेवायची की परत न्यायची, हे ते ठरवणार होते. बेडकी गेली तर चारही वाड्या पुन्हा वाऱ्यावर.

साहेब बेडकीत बसले. सिस्टरनी ती पाण्यात घातली.

"जरा जड चालते," साहेब म्हणाले.

सिस्टरनी जोर वाढवला. काठावरची माणसं हात हलवत होती. साहेबांनीही हात हलवला. मग वळून पाहिलं, तर त्यांची जीप मागोमाग पाण्यात येत होती. काठावर तिच्याइतकं जड दुसरं काही नव्हतं.

सिस्टरनी बेडकी वळवली, काठावर चढवली आणि जीप ओढायला घेतली. गाठ पक्की होती. ओला चढ, आत पाणी भरलेली जीप; तरी बेडकी इंच इंच वर जात राहिली. साहेब गुडघाभर चिखलात उभे राहून बघत होते. जीप निम्म्या चढावर आली तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, की अशी दणकट गाडी इथंच हवी. सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्रीनं गुडघे विसरून साहेबांचे हात धरले.

केरबा दोराशी मान खाली घालून रडत होता. आपल्या हातून पुन्हा काहीतरी चुकलं, एवढं त्याला कळलं होतं.

साहेबांचं मन मोठं होतं. ते जवळ गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे, केरबा."

केरबानं डोळे पुसले. कमरेचा कोयता काढला, ताणलेल्या दोरावर घाव घातला आणि जीप जाऊ दिली.