शेततळ्याचं आमंत्रण

मंडळी, विश्वास कुणावर ठेवावा, भरलेल्यावर की आटणाऱ्यावर?

एका माळावर ज्वारी जाऊन डाळिंबाच्या बागा आल्या, तसं तिथल्या विहिरीचं पाणी खोल जाऊ लागलं. विहिरीतली कासवी नवं घर शोधायला निघाली. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यानं हाक मारली, "मावशी, या की! काठोकाठ भरलोय."

"पाऊस नाही, मग पाणी कुठलं रे?"

"तुमच्याच विहिरीतलं, मोटारीनं आणलेलं!"

"आणि हे ऊन? वर्षागणिक वाढतंय."

"पितं थोडंफार. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?"

"वा रे यजमान! माझ्या घरचं उन्हाला पाजतोस, वर मलाच बोलावतोस!" कासवी माघारी फिरली.

चैत्रात विहीर आणि तळं दोन्ही आटली. कासवी विहिरीच्या ओल्या गाळात तगली. आमंत्रणाला भुलून तळ्यात गेलेले विहिरीतले बेडूक तापल्या प्लास्टिकवर भाजले.

तेव्हा मंडळी, पाण्याचा हिशेब खरा ठेवा. तळ्यात जमा धराल ते आधी विहिरीतून वजा करा.