पुढे जाळं, मागे बाळं

एक होती चिचुंद्री. नाक लांब, शेपटी लांब, आणि मधे ती एवढीशी! तिचं नाव चिचूबाय. समुद्राकाठी एक माड होता. त्या माडाच्या बुंध्याशी तिचं बीळ.

चिचूबाय मासेमारी करायची. मोठे मासे नाहीत हं! जवळा धरायची. जवळा म्हणजे नखाएवढी कोळंबी. कोळ्यांच्या जाळ्याचा एक तुकडा तिला सापडला होता. ते तिचं जाळं. आणि नारळाची करवंटी ही तिची होडी. एकटीला करवंटी पुरायची.

मग झाली बाळं. एक नाकू. एक मिशू. आणि सगळ्यात धाकटा शेंडू. शेंडू अजून काहीच बोलत नसे. चूंसुद्धा नाही.

बाळांना घरी ठेवावं, तर बाहेर बोका. सोबत न्यावं, तर होडी लहान.

"बघू तरी!" चिचूबाय म्हणाली.

करवंटीत बसला नाकू. बसला मिशू. बसला शेंडू. बसली आई.

गिर गिर गिर गिर! करवंटी लागली फिरायला.

धुप! धुप! धुप! धुप! चौघं वाळूत.

आली एक लाट. सळ्ळ्ळ्! करवंटी गेली वाहून.

आता होडी नाही, तर जवळा नाही. जवळा नाही, तर जेवण नाही. नाकू म्हणाला, "चूं!" मिशू म्हणाला, "चूं!" शेंडूनं नुसतं पोट चोळलं.

"रडू नका," आई म्हणाली. "आता चौघांची होडी बघू."

तिनं शिंपला बघितला. बुडुक! बुडाला.

तिनं पान बघितलं. फर्र! फाटलं.

तिनं चप्पल बघितली. कुणाची तरी वाहत आलेली, लाल लाल. चप्पल छान तरंगली. पण अंगठ्यापाशी होतं भोक. भुळुक भुळुक! पाणी आत.

मग चिचूबायनं पाण्याकाठून वर बघितलं. माडावर लोंबत होती एक पोय. पोय म्हणजे माडाच्या फुलांवरचं झाकण. वाळून कडक झालेलं. लांबच लांब. इकडे टोक, तिकडे टोक, मधे खोलगट. अगदी होडी!

चिचूबाय टाळ्या पिटत म्हणाली,
"पुढे जाळं, मागे बाळं, मधे बसेन मी!"

निघाली चिचूबाय. बाळं हरवायला नकोत ना? मग चिचुंद्र्या काय करतात, ठाऊक आहे?

आईची शेपटी नाकूच्या तोंडात.
नाकूची शेपटी मिशूच्या तोंडात.
मिशूची शेपटी शेंडूच्या तोंडात.
शेंडूची शेपटी? ती वाऱ्यावर!
तुरु तुरु तुरु, तुरु तुरु तुरु.

आली माडाकडे. मान वर केली. आणखी वर. आणखी वर. धुप! उताणीच पडली.

"अबब! केवढा उंच!"

"माडआजोबा, माडआजोबा,
करवंटी गेली, पोय हवी.
पुढे जाळं, मागे बाळं, मधे बसेन मी!
एक पोय टाका ना!"

माड डुलला. "पोय बसलीय घट्ट. बाबलकाका वर चढेल, कोयत्यानं खट् करेल, तेव्हा सुटेल. काका नाही, तर मी नाही!"

मग काय?

आईची शेपटी नाकूच्या तोंडात.
नाकूची शेपटी मिशूच्या तोंडात.
मिशूची शेपटी शेंडूच्या तोंडात.
शेंडूची शेपटी? ती वाऱ्यावर!
तुरु तुरु तुरु, तुरु तुरु तुरु.

आली बाबलकाकाकडे. बाबलकाका माडावर चढून नारळ काढायचा. आत्ता मात्र अंगणात बसला होता. पाय पसरून.

"अबब! केवढे पाय! एकेक अंगठा माझ्याएवढा!"

बाबलकाकानं नाक धरलं. "शी! वास कसलो?"

"माझाच," चिचूबाय म्हणाली. लपवायचं काय त्यात? चिचुंद्रीला वास येणारच.

"बाबलकाका, बाबलकाका,
करवंटी गेली, पोय हवी.
पुढे जाळं, मागे बाळं, मधे बसेन मी!
पण माड पोय टाकेना.
तुम्ही माडावर चढा ना!"

"अगो चिचूबाय, चढू कसो? माझो दोर झिजलो. सुंदरामावशीकडसून नवो दोर घेवन ये. दोर नाय, तर मी नाय!"

मग काय?

आईची शेपटी नाकूच्या तोंडात.
नाकूची शेपटी मिशूच्या तोंडात.
मिशूची शेपटी शेंडूच्या तोंडात.
शेंडूची शेपटी? ती वाऱ्यावर!
तुरु तुरु तुरु, तुरु तुरु तुरु.

आली सुंदरामावशीकडे. मावशी दोर वळायची. नारळाची सालं पाण्यात भिजवायची, कुटायची, त्यांचा काथ्या काढायची. काथ्याचा करायची दोर. तिचे हात बघत राहावं असे!

"अबब! केवढे हात! या हातांत तर आम्ही चौघं झोपू!"

"सुंदरामावशी, सुंदरामावशी,
करवंटी गेली, पोय हवी.
पुढे जाळं, मागे बाळं, मधे बसेन मी!
पण माड पोय टाकेना.
काका माडावर चढेना.
तू एक दोर वळ ना!"

मावशी हसली. मग तिनं समुद्राकडे बोट केलं. "अगो बाये, माझी सालां थंय पाण्याखाली. भरती इलीहा ना! पाणी मागे गेला, तर काढतंय. ओहोटी नाय, तर मी नाय!"

मग काय?

आईची शेपटी नाकूच्या तोंडात.
नाकूची शेपटी मिशूच्या तोंडात.
मिशूची शेपटी शेंडूच्या तोंडात.
शेंडूची शेपटी? ती वाऱ्यावर!
तुरु तुरु तुरु, तुरु तुरु तुरु.

आली समुद्राकडे. समुद्राला म्हणतात दर्या. दर्या फुगला होता काठोकाठ.

इकडे बघितलं, पाणी. तिकडे बघितलं, पाणी. लांब, लांब, आभाळ टेकतं तिथवर पाणी.

चिचूबाय रोज इथंच जवळा धरायची. पण मान खाली घालून. आज पहिल्यांदा तिनं मान वर करून बघितलं.

"अबब," ती हळूच म्हणाली. "अबबबब."

"दर्याबाबा, दर्याबाबा,
करवंटी गेली, पोय हवी.
पुढे जाळं, मागे बाळं, मधे बसेन मी!
पण माड पोय टाकेना.
काका माडावर चढेना.
मावशी दोर वळेना.
तुम्ही मागे सरा ना!"

धो धो धो! दर्या बोलला. वाळू थरथरली. "मी कुणाच्या सांगण्यानं सरत नाही. एकट्या चांदोबाचं ऐकतो. चांदोबा सरकतो, मग मी सरतो. चांदोबा नाही, तर मी नाही!"

आता आली का पंचाईत! चांदोबा कुठं? आकाशात. तिथं तुरु तुरु कसं जायचं?

पण चिचूबाय थांबते होय? तिथं वाळूचा एक ढीग होता. ती त्यावर चढली. मागे नाकू, मागे मिशू, मागे शेंडू.

अजून उजेड होता. बरोब्बर डोक्यावर होता अर्धा चांदोबा. पांढरा. गप्प. इतका लांब, इतका लांब, की चिचूबायला अबबसुद्धा म्हणता येईना. ती नुसतीच बघत राहिली.

मग धीर करून म्हणाली,

"चांदोबादादा, चांदोबादादा,
करवंटी गेली, पोय हवी.
पुढे जाळं, मागे बाळं, मधे बसेन मी!
पण माड पोय टाकेना.
काका माडावर चढेना.
मावशी दोर वळेना.
दर्या मागे सरेना.
तू थोडा सरक ना!"

चांदोबा रुसला होता. "रात्री सगळे मला हाका मारतात. दिवसा कुणी बघतसुद्धा नाही. आणि काय गं चिचूबाय, तू मला काय म्हणालीस?"

"दादा म्हणाले."

"मी तुझा दादा. मग तुझ्या बाळांचा मी कोण?"

सांगा बरं, आईचा दादा आपला कोण?

"मामा!" चिचूबाय म्हणाली.

"हां! पण तू म्हणून काय उपयोग? तू माझी बहीण. मामा म्हणायचं भाच्यांनी. मामा नाही, तर मी नाही!"

"म्हणा रे बाळांनो, मामा म्हणा!"

नाकू म्हणाला, "म्म म्म."

मिशू म्हणाला, "म्म म्म."

तोंडात शेपटी! बोलणार कसं?

नाकूनं शेपटी सोडली, तर मागचे दोघं सुटतील. मिशूनं सोडली, तर मागचा शेंडू सुटेल. शेंडूच्या मागे कुणीच नव्हतं.

शेंडूनं दर्या बघितला. केवढा! शेंडूनं आभाळ बघितलं. केवढं! आणि आपण? एवढेसे! त्यानं शेपटी आणखीच घट्ट धरली. शेपटी त्यानं कधी म्हणजे कधीच सोडली नव्हती.

शेंडूनं शेपटी सोडली.

पुढे शेपटी नाही. मागे कुणी नाही. एकटा शेंडू.

"मा..."

दर्या गप्प झाला.

"मा..."

वारा गप्प झाला.

"मामा!"

केवढा तो आवाज? तिळाएवढा! पण वर गेला. माडाच्या वर. घारीच्या वर. ढगाच्या वर. पार चांदोबाच्या कानात.

"कोण रे तो? एवढासा?" चांदोबा हसला. "दिवसाउजेडी मला मामा म्हणणारा?"

शेंडूनं पटकन मिशूची शेपटी धरली. घट्ट! आणि म्हणाला, "म्म म्म."

पण काम झालं होतं.

चांदोबा सरकला. हळू, हळू, हळू.
चांदोबा सरकला, तर दर्या सरला. सळ सळ सळ.
दर्या सरला, तर मावशीनं सालं काढली. थाड थाड कुटली. गर गर दोर वळला.
मावशीनं दोर वळला, तर काका माडावर चढला. सर सर सर.
काका चढला, तर कोयता लागला. खट्!
कोयता लागला, तर माडानं पोय सोडली. सुंई... धप्प!

अबब! खालून दिसली, त्याहून मोठी! इकडे टोक, तिकडे टोक, मधे खोलगट.

बाबलकाका खाली उतरला. एका हातानं नाक धरलं, दुसऱ्या हातानं पोय उचलली. पाण्यावर नेऊन ठेवली.

"चल गो, बस!" सुंदरामावशी म्हणाली. "पोरांका नीट धर हां!"

पुढे ठेवलं जाळं. मागे बसली बाळं. मधे बसली चिचूबाय.

गिर गिर? नाही. बुडुक? नाही. फर्र? नाही. भुळुक भुळुक? मुळीच नाही!

होडी चालली. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक.

चिचूबायनं जाळं टाकलं. जाळं ओढलं. त्यात जवळाच जवळा! नाकू जेवला. मिशू जेवला. शेंडू तर दोनदा जेवला.

आता बाळं हरवणार नव्हती. होडीला काठ होता. मग शेपट्या कशाला धरायच्या? नाकूनं शेपटी सोडली. मिशूनं शेपटी सोडली. शेंडूनंही सोडली. तिघांची तोंडं मोकळी!

सूर्य बुडत होता. पाणी लाल झालं, मग सोनेरी झालं. पाण्यात एक चांदोबा, वर एक चांदोबा.

"मामा!" शेंडू म्हणाला. मोठ्यानं. भीती नाही, काही नाही.

आणि मग नाकू, मिशू आणि शेंडू, तिघांनी माना वर केल्या. आणखी वर. आणखी वर. आणि तिघं एकदम म्हणाले,

"अबब!"

होडी गेली पाण्याला, गोष्ट आली किनाऱ्याला.