सोनकीचं विरजण

एक होतं डोंगराआडचं राज्य. तिथं राहायची सोनकी, वीस वर्षांची गवळण. तिची आई देवाघरी गेली, तेव्हा मागे राहिली एक गाय आणि गाडगंभर दही. साधंसुधं नव्हे, बरं का! ते खाल्लं की मन हलकं व्हायचं. आई सांगून गेली होती, "सोने, रोज चमचाभर मागे ठेव. त्याच विरजणानं उद्याचं दही लाव."

त्याच राज्यात एक राजपुत्र होता, सोनकीच्याच वयाचा. त्याला काही म्हणता काही गोड लागेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मग दह्याची कीर्ती ऐकून राजाचा सोनकीला निरोप आला. सोनकी घाईघाईनं अख्खं गाडगंच घेऊन धावली. राजपुत्रानं दही खाल्लं, खुदकन हसला आणि गाडगं बोटानं चाटूनपुसून साफ केलं. दुसऱ्या दिवशी? पुन्हा आपलं भिंतीकडे तोंड!

सोनकी घरी येऊन बघते तर काय, विरजणाला थेंब नाही! आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं, तेही गेलं. तिनं दुधात लिंबू पिळलं. दूध फाटलं. मग चिंच टाकली. तेही फाटलं. मग नुसतंच झाकून ठेवलं, तर ते नासलं. सोनकी गाईच्या गळ्यात पडून रडली.

तशी गाय बोलली. हो हो, बोलली! "अगं वेडे, विरजण संपलं की बायका काय करतात? वाटी घेऊन शेजारी जातात. तू इथं काय बसलीस?"

सोनकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर तिनं साऱ्या गावाला दिलं होतं, मागितलं कधी नव्हतं. तरी गेली. पहिल्या घरी दही संपलेलं. दुसऱ्या घरी मांजरानं सांडलेलं. तिसरं घर राहीआजीचं. ती म्हणाली, "घे की बाई! तुझ्या आईनंच दिलं होतं. तेव्हापासून रोज लावतेय." सोनकीनं चाखून पाहिलं. तीच चव! तिला हसूही आलं आणि रडूही.

मग ती राजवाड्यात गेली, ती चमचाभर विरजणच घेऊन. राजपुत्राला म्हणाली, "आता आयतं मिळायचं नाही. दूध तुम्ही काढायचं, कोमट करायचं, दही लावायचंही तुम्हीच. चमचाभर मागे ठेवायचं. कुणी मागायला आलं तर द्यायचं. आपलं संपलं तर मागायला लाजायचं नाही." राजपुत्रानं नाक मुरडलं, पण लावलं. आणि सकाळी काय मज्जा! दही लागलं का बघायला तो सगळ्यांच्या आधी उठून बसला.

पुढे त्याच्या दारी वाट्या घेऊन माणसं येऊ लागली. कधी तोही वाटी घेऊन सोनकीकडे जायचा. सगळे सुखात राहिले.

आपलंही दही लावून ठेवलंय हं फळीवर. विरजलेलं भांडं हलवायचं नसतं. तुम्हीही आता हलू नका, झोपा. बघू, सकाळी झाकण उघडायला आधी कोण उठतंय ते.