आठ कोअर आणि एक सारंगी

विषय : नवा संगणक असूनही नांदी अडखळत असल्याबाबत.
संदर्भ : शिष्याची तोंडी तक्रार.

उपरोक्त विषयी निवेदन असे, की एका वृद्ध संगीत-संयोजकाचा एक शिष्य होता. गुरुजींनी उमेदीत नाटकमंडळीसाठी बांधलेली नांदी त्याने जुन्या वादकांकडून एकेक वाद्य ध्वनिमुद्रित करून संगणकावर पुन्हा उभी केली होती. सूत्रधाराच्या चालीबरोबर लय बदलायची, म्हणून ती आधी तयार करून ठेवण्याची सोय नव्हती. ऐन वेळी संगणक धापा टाकी. मंडळीच्या व्यवस्थापकाने बजावले, "शनिवारी असंच झालं, तर मी विकतचं संगीत लावीन."

शिष्याने आठ कोअरचा, म्हणजे पोटात आठ कामकरी असलेला संगणक आणला. नांदी तरीही अडखळली. आत डोकावावे तर एक कामकरी घामाघूम, सात स्वस्थ. कचेरीत हयात घालवलेल्यास हे दृश्य अपरिचित नाही.

"वाद्यं जातात कशी?" गुरुजींनी विचारले.

"एका रांगेतून. एकाचं झालं की दुसरं."

गुरुजींनी त्याच वादकांना घरी बोलावले, ओळीने बसवले आणि फर्मावले, "आधी सारंगी लागेल. तोवर कुणी आपल्या वाद्याला हात लावायचा नाही."

सारंगीला मुख्य तारांखाली गुंजणाऱ्या तरफांच्या तारा ढीगभर. गफूरमियां खुंट्या पिळत बसले. तबलजी दामूअण्णा हातोडी मांडीवर ठेवून म्हणाले, "मियां, शनिवारपर्यंत होईल ना?"

"तुम्ही झोपा, अण्णा. तेवढंच तुम्हाला लयीत जमतं."

शिष्याला राहवेना. "गुरुजी, ज्याने त्याने आपापलं वाद्य लावलं तर काय बिघडेल? षड्ज सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग तुझ्या सात जणांना का ताटकळत ठेवलंस?" गुरुजी म्हणाले. "आमच्या वेळी पडदा उघडण्यापूर्वी विंगेत सगळी वाद्यं एकदम लागायची. तो गलका मला अजून नांदीइतकाच आठवतो. आपलं काम करताना कुणी कुणाची वाट पाहू नये. पाहायची ती समेला, कारण तिथं एकट्याने पोहोचून उपयोग नसतो."

शिष्याने वाद्ये सुटी केली, कामकऱ्यांत वाटली आणि शेवटी तेवढी एकत्र आणली. शनिवारी नांदी न अडखळता समेवर आली. विंगेत मात्र त्याआधी शांतता होती. गुरुजी रिकाम्या विंगेकडे कान देऊन बसले होते. शिष्याच्या ते ध्यानात आले.

प्रयोगापूर्वी जुन्या वादकांना विंगेत बसून वाद्ये लावू द्यावीत, असा अर्ज त्याने मंडळीकडे दिला आहे. कार्यकारिणीचा प्रत्येक सभासद आधी दुसऱ्याची सही होण्याची वाट पाहत आहे. अर्ज प्रलंबित.