तोफेला पाणी पाजणारी आवडाई

आमच्या पणज्याच्या पणज्यालाही दात आले नव्हते, तेव्हाची, फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. जांभळी नदीच्या अलीकडे राजाचं राज्य, पलीकडे रान आणि रानात बंडखोरांची टोळी. टोळी नदी ओलांडून यायची, राजाची ठाणी जाळायची, शिपाई मारायची आणि परत जाऊन पलीकडच्या काठावरच्या आसणवाडी गावातल्या घरांत दडायची. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तशी गावाची गत झाली.

त्या आसणवाडीत आवडाई सुईण राहायची. दोन्ही काठांवरची पोरं तिच्याच हातची. तिचा हात फिरला की पोटातलं आडवं मूल सरळ व्हायचं, असं म्हणतात.

राजाच्या फौजेनं अलीकडच्या टेकडीवर तोफ चढवली. टोळीवाले भांडी बडवून एकमेकांना इशारा देत. म्हणून हुकूम सुटला, पलीकडे भांडं वाजलं की त्या आवाजावर गोळा टाका. आसणवाडीला हे कुणी सांगितलं नाही.

त्याच दिवसांत गावातल्या ठकूचे दिवस भरले. तिची आधीची तीन बाळं गेलेली. आणि तिच्याच ओसरीवर टोळीचे चौघं बंदुका घेऊन बसलेले. आवडाई कडाडली, "उठा मेल्यांनो, बाळंतिणीचं घर हाय हे!" ते हसले, पण हलले नाहीत.

भर दुपारी ठकूला मुलगी झाली. खणखणीत रडली. आवडाईला इतका आनंद झाला की काशाची थाळी घेऊन ती अंगणात धावली आणि वाजवू लागली. मूल जगलं हे गावाला सांगायची दोन्ही काठांवरची रीतच ती. पाच टोले पडले नाहीत, तोच गोळा आला.

धूळ बसली तेव्हा घर नव्हतं. ठकू नव्हती, बाळ नव्हतं. टोळीवाले केव्हाच रानात पळाले होते. अंगणातल्या चुलीवर हंड्यात बाळाच्या अंघोळीचं पाणी मात्र तसंच वाफाळत होतं. आवडाईला रडूसुद्धा फुटेना. अहो, जन्माची थाळी, आणि तिच्यावर गोळा?

तिनं तो हंडा डोक्यावर घेतला आणि ती चालू लागली. नदी तिच्यापुरती घोट्याएवढी झाली, असं म्हणतात. शिपायांनी बंदुका रोखल्या, पण एकाचाही चाप ओढला जाईना. तोफेपाशी तोफ डागणारा गोलंदाज सुभानजी उभा होता.

"थाळी वळखली न्हाईस व्हय रे?" आवडाईनं विचारलं.

सुभानजीनं मान खाली घातली. "वळखली, आई. पर हुकूम व्हता."

आवडाईनं अख्खा हंडा तोफेच्या तोंडात ओतला. "पोरीच्या अंघोळीचं हाय," ती तोफेला म्हणाली. "पी."

त्यानंतर त्या तोफेत दारू कधी पेटली नाही. भर वैशाखातही तिच्या तोंडातून पाणी झिरपायचं, असं म्हणतात. फौज निघून गेली, टोळीही पांगली.

तोफ अजून टेकडीवर आहे. पलीकडे थाळी वाजली की अलीकडची माणसं हातातलं काम टाकून टेकडी चढतात आणि तोफेत पाणी ओततात. पहिला तांब्या सुभानजीच्या घरातला असतो. "पाणी पडलं" अशी हाक नदीपार गेली, की मगच पलीकडे बाळाला पहिली अंघोळ घालतात.