तांबटाच्या माथ्यावरचा मुकुट

एका राज्यात धर्मपीठाची गादी बारा वर्षे रिकामी होती. डोंगरावर मठ होता, मठात दगडी आसन होते, आसनावर कोणी नव्हते. जुने आचार्य निवर्तले, तेव्हा रिवाजाप्रमाणे सात गावांनी एकत्र बसून नवा आचार्य निवडायचा होता. सात गावांना बोलावणे धाडायचे ते राजाने. राजा सुकेतू आज धाडू, उद्या धाडू म्हणत राहिला, आणि बारा वर्षे सरली.

त्या राज्यात विश्वंभर नावाचा एक तांबट होता. हंडे-घागरी घडवाव्या, फुटकी भांडी डाग देऊन सांधावी, असा त्याचा धंदा. बायकोचे नाव कमळजा. त्यांची एकुलती लेक सातव्या वर्षी तापाने गेली होती. तेव्हापासून विश्वंभर कामापुरतेच बोले, आणि काम संपले की हातोडीकडे बघत बसे.

एके वर्षी वादळात मठाचा कळस कलला. तो उतरवून नीट करण्याचे काम विश्वंभराकडे आले. कळसाच्या पोटात त्याला एक मुकुट सापडला, सोन्याचा, एकावर एक तीन कड्यांचा. त्याने तो पुसला, आणि कसा बसतो ते पाहावे म्हणून माथ्यावर ठेवला. त्याच क्षणी त्याच्या कानात आवाज आला, "इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली, तो तूच. तू पीठाधीश आहेस."

घरी तो मुकुट घालूनच आला. कमळजेने भाकरी वाढली.

"आज आम्ही उपवास करू," तो म्हणाला.

"आम्ही म्हणजे कोण?"

"पीठाधीश."

कमळजेला वाटले, थट्टा करतात. मग तिला आठवले की लेक गेल्यापासून या माणसाने थट्टा केलेली नाही. तिच्या हातातले ताट हातातच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून विश्वंभर पालथ्या हंड्यावर बसू लागला. तांब्याच्या पत्र्यावर ठोकून आज्ञा काढू लागला. पहिल्या आज्ञेने त्याने राजाला धर्माबाहेर काढले, दुसरीने शेजारच्या राजाला, तिसरीने एका दूरच्या नगराला, जिथे त्याचे नावही कोणी ऐकले नव्हते. त्या ऐकून आधी राजा हसला, मग बाजारात लोक पोट धरधरून हसले. पण चाळीस माणसे हसली नाहीत. ती हंड्यापुढे बसू लागली, जयजयकार करू लागली. त्यांत भानाजी नावाचा म्हातारा कोष्टी सगळ्यांत पुढे असे.

एके दिवशी विश्वंभराने आज्ञा काढली की येत्या पौर्णिमेच्या सकाळी पीठाधीश तळ्याच्या पाण्यावरून चालत मठात जातील आणि चाळीस जण मागून येतील. श्रद्धा असेल त्याचे पाऊल बुडणार नाही. डोंगराच्या पायथ्याचे ते तळे सात पुरुष खोल होते.

ही वार्ता राजाच्या कानी गेली. त्याने कमळजेला दरबारात बोलावले.

"तो ढोंगी असेल तर त्याचा शिरच्छेद करीन," राजा म्हणाला. "वेडा असेल तर कोठडीत ठेवीन. खरा असेल तर मला सिंहासन उतरून त्याच्या पाया पडावे लागेल. तो यांतला कोण, हे तू सांग."

"ढोंगी नाहीत, महाराज. ढोंगी माणूस दाराआड तरी सोंग उतरवतो. हे झोपेतही मुकुट उतरवत नाहीत."

"मग वेडा."

"तो शब्द मी देणार नाही. तो दिला की आपण पुढचे ऐकणार नाही."

राजाने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, "पौर्णिमेला नऊ दिवस आहेत. तोवर मुकुट उतरव. नाही उतरला, तर चाळीस माणसे बुडण्याआधी माझे शिपाई तो उतरवतील. कसा, ते तुला कळते."

कमळजेने घरी येऊन दोन्ही हातांनी मुकुट ओढला. तो हलला नाही. विश्वंभराच्या कपाळावरून रक्ताची धार मात्र आली, आणि तो शांतपणे म्हणाला, "आमचा छळ होणार, हे आम्हाला आधीच सांगितले आहे." ती परसात जाऊन औदुंबराखाली बसली.

त्या औदुंबरावर एक तांबट पक्षी राही. लाल कपाळाचा, हिरव्या पाठीचा. दिवसभर त्याचे टुक टुक चाले, जणू कोणी पत्रा ठोकतो आहे. तो थांबला आणि बोलला.

"ओढू नकोस. मुकुटाबरोबर डोके येईल. तो कालदंड मांत्रिकाचा मुकुट आहे. त्याला धर्मपीठाची गादी हवी होती आणि सात गावांनी त्याला नाकारले. मरताना त्याने आपला आवाज मुकुटात भरला. जो तो घालील, त्याला तो आवाज देवाचा वाटतो. तुझा नवरा सातवा."

"मग तो उतरायचा कसा?"

"ज्या हातांनी चढवला, त्याच हातांनी. पण त्याआधी तीन कामे आहेत. सहा धोंड्यांच्या माळावर जा, आणि सहाव्याला विचार की त्याचे काय विचारायचे राहून गेले. मग जयजयकार थांबव. मग हसणे थांबव. आवाज या दोन्हींवर पोसला जातो."

"हसण्यावर कसा?"

"लोक हसले की तो म्हणतो, थोरांना जग हसतेच."

एवढे बोलून पक्षी पुन्हा टुक टुक करू लागला.

कमळजा तीन दिवस चालली. माळावर सहा माणसे दगड होऊन उभी होती. डोळे आणि ओठ तेवढे जिवंत होते. पहिला म्हणाला, "नमस्कार कर. पीठाधीश मी एकटा. हे बाकीचे पाच भ्रमिष्ट आहेत." दुसरा म्हणाला, "नमस्कार कर. पीठाधीश मी एकटा. हे बाकीचे पाच भ्रमिष्ट आहेत." तिसरा, चौथा, पाचवा तेच म्हणाले, त्याच सुरात, आणि एकमेकांचे बोलणे त्यांना ऐकू येत नव्हते. सहावा काही बोलला नाही. त्याच्या दगडी गालांवर पाण्याचे ओघळ होते.

"बाबा, तुमचे काय विचारायचे राहिले?" कमळजेने विचारले.

"मी मठाचा गुरव होतो," तो म्हणाला. "आवाज आला तेव्हा बरे वाटले, खोटे कशाला सांगू. पुढे एकदा मनात आले, त्याला विचारावे, मी चुकत असेन का. विचारले नाही."

"का?"

"उत्तर 'हो' आले असते, तर माझ्यापाशी काय उरले असते? उद्या विचारू म्हटले. असे म्हणता म्हणता गळ्यापर्यंत दगड झाला."

"देवाला असे विचारलेले चालते?"

"माझ्या वेळचे आचार्य रोज विचारत. देवाला प्रश्नाचा राग येत नाही, बाई. ज्याला येतो, तो दुसराच कोणी."

कमळजेने त्याचे गाल पदराने पुसले आणि ती परत फिरली. घरी पोहोचली तेव्हा पौर्णिमेला तीन दिवस उरले होते.

ती चाळीस घरी गेली. नवरा खोटा आहे, असे तिने कुठेही म्हटले नाही. "तळ्याकाठी त्या सकाळी जयजयकार करू नका," एवढेच म्हणाली. "ते खरे असतील, तर त्यांना तुमच्या आवाजाची गरज नाही." लोकांना यात वावगे काही दिसले नाही. भानाजी मात्र तयार होईना.

"बाई, त्यांनी मला धर्मरक्षक म्हटले," तो म्हणाला. "सत्तर वर्षांत मला कुणी नावानेही हाक मारली नव्हती. 'ए कोष्ट्या' म्हणत. मी गप्प कसा राहू?"

कमळजा त्याच्या मागाशेजारी बसली. "भानाजीबाबा," ती म्हणाली, "माझा माणूस बुडेल. तुम्हीही बुडाल. मी दोघांसाठी मागते आहे."

म्हाताऱ्याने खूप वेळ धोटा हातात फिरवला. "गप्प राहीन," तो शेवटी म्हणाला. "पण त्यांच्या मागून पाण्यात जाईन."

मग ती राजाकडे गेली. "महाराज, शहर हसते आहे. ते थांबवा."

"हसण्यावर हुकूम चालत नाही."

"हुकूम नको. सगळ्यांत आधी आपण हसलात. आपले पाहून ते हसले."

राजाचा चेहरा उतरला. "गादी रिकामी ठेवली ती मी," तो हळू म्हणाला. "वर कोणी नसले, की मला जाब विचारणारे कोणी नसते. रिकाम्या आसनावर कोणीतरी बसणारच होते." त्याने जोडे काढले. अनवाणी, कमळजेच्या मागे तो बाजारातून चालत गेला. हलवायाच्या ओट्यावर विश्वंभराची नक्कल चालली होती. नकल्याने राजाचे पाय पाहिले आणि तोंडावर चिकटवलेली दाढी काढून ठेवली. दुकानामागून दुकान गप्प झाले.

पौर्णिमेच्या सकाळी तळ्याकाठी सारे नगर उभे होते आणि पाण्याची सळसळ तेवढी ऐकू येत होती. विश्वंभर आला. माथ्यावर मुकुट, अंगावर शुभ्र वस्त्र. तो काठावर थांबला. त्याने जयजयकाराची वाट पाहिली. तो आला नाही. त्याने हसण्याची वाट पाहिली. तेही आले नाही. आवाज म्हणाला, "चल," पण तो आवाज रोजच्यासारखा भरदार नव्हता.

भानाजी मात्र थांबला नाही. तो पुढे होऊन पाण्यात उतरला. गुडघे बुडाले, कंबर बुडाली, छाती बुडाली. तो मागे वळून विश्वंभराकडे पाहू लागला, विश्वासाने.

कमळजा नवऱ्याच्या समोर आली. "अहो," ती म्हणाली, "मी मुकुट मागत नाही. एकच मागते. तुमच्या देवाला एक विचारा: मी चुकत असेन का?"

"असे विचारणे पाप आहे."

"असे देव म्हणाला, की तो आवाज?"

विश्वंभराने डोळे मिटले. पाण्यात भानाजीच्या हनुवटीला लाट लागली.

"मी चुकत असेन का?" विश्वंभराने विचारले.

उत्तर आले नाही. मग मुकुटातून एक आवाज बाहेर पडला, आणि तो साऱ्या नगराने ऐकला. तो एका म्हाताऱ्या माणसाचा, हट्टाने रडणारा आवाज होता. "गादी माझी आहे. मला दिली नाही. गादी माझी आहे."

विश्वंभराने दोन्ही हात वर नेले आणि मुकुट उतरवला. काठावर टाकताच तो काळा पडला आणि ओल्या मातीसारखा विरघळला. विश्वंभर तसाच पाण्यात धावला. त्याने भानाजीला काखेत धरून बाहेर ओढले, आणि काठावर बसून तो लेकीचे नाव घेऊन रडला. तिच्यासाठी तो तोवर रडलाच नव्हता.

त्याच घटकेला माळावरच्या सहा धोंड्यांचा भुगा झाला आणि वाऱ्याने तो नेला.

राजाने त्याच दिवशी सात गावांना बोलावणे धाडले. गावे अकरा दिवस बसली, भांडली, उठून गेली, परत आली. शेवटी त्यांनी सोनाई नावाच्या एका वृद्ध सुइणीला आचार्यपद दिले. तिने पहिल्याच दिवशी राजाला जाब विचारला, आणि त्याने उभे राहून उत्तर दिले.

विश्वंभर बरा झाला, पण लवकर नाही. एकदा जेवताना तो म्हणाला, "आता कानात काही नसते. कधी कधी फार शांत वाटते. ते मला आवडत नाही."

"मलाही नाही," कमळजा म्हणाली. "आपण दोघे बोलू."

पुढे तो एकेका घरी जाऊन चाळीस जणांची क्षमा मागून आला. भानाजीकडे तो सर्वांत शेवटी गेला. म्हातारा त्याला पाहताच खाली वाकला आणि पायाला हात लावू लागला. विश्वंभराने त्याला खांद्यांना धरून उभे केले.

"भानाजीबाबा, मी पीठाधीश नाही. मी तांबट आहे."

"मग मी कोण?" म्हाताऱ्याने विचारले.

विश्वंभर आत गेला, चुलीपाशी बसला आणि म्हणाला, "मला ठाऊक नाही, बाबा. पण आज मी इथेच जेवेन. चालेल का?"

भानाजीने दुसरे ताट शोधायला घेतले. त्या घरात ते पुष्कळ वर्षांत लागले नव्हते. तेही अखेर सापडले, आणि कहाणी तिथे विसावली. ऐकणाऱ्यांचे कल्याण असो.